कोरड्या जिल्ह्यात बोटीची वायरिंग कशी करावी

हे मार्गदर्शन धाराशिव जिल्ह्यातल्या अशा नवशिक्यांसाठी आहे, ज्यांनी एखादी जुनी मोटारबोट विकत घेतली, डागडुजी करून ती उभी केली आणि आता तिच्यात दिवे लावायचं मनावर घेतलं आहे. असे वाचक जिल्ह्यात फार नसतील. पण सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, शेळीपालनाचं अनुदान आणि स्पर्धा परीक्षा या विषयांवर पुरेशी मार्गदर्शनं निघालेली आहेत. हा विषय कोणीतरी घ्यायलाच हवा होता.

बोट टेम्पोतून उतरवताना गल्लीतून पहिला प्रश्न येईल, "बोट? काय करायलाव हिचं?" घाबरू नका. विचारणाऱ्याला तेरला घेऊन जा. आजचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत तगरचं नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा, अशी नोंद तिच्यात आहे. रोमशी चाललेल्या त्या व्यापाराच्या खुणा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात काचेआड ठेवल्या आहेत. थोडक्यात, या भागाचा जहाजांशी संबंध दोन हजार वर्षांचा आहे, फक्त तो नेहमी चाकांवरून आला. तुमची बोट टेम्पोतून आली, ती परंपरेला धरूनच.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. घराची वायरिंग कशीही केली तरी चालते, असा आपला अनुभव आहे. फ्यूजऐवजी तार, जोडाला काळी टेप, पाइप तुटला तर सुतळी. हे सगळं चालतं, कारण खाली जमीन असते आणि ती सांभाळून घेते. आग लागली तर माणूस अंगणात पळतो. बोटीला अंगण नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यातून निघालेल्या आहेत.

पायरी १ : पाणी शोधा

दिवे पाण्यावर लावायचे असतात, म्हणून आधी पाणी शोधावं. परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे. लोहारा तालुक्यात माकणीचं निम्न तेरणा आहे. कळंबच्या शिवेला मांजरा धरणाचं पाणी येतं. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाही बांधणीनं अडवलेली बोरी नदी आहे. तिच्यावर पर्यटकांसाठी बोटिंगही सुरू झालं, त्यामुळे तिथे बोट पाहून कोणी हसत नाही.

जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर बसलेला असल्यामुळे इथल्या नावाड्याला दोन वाटा मोकळ्या आहेत. सीना आणि बोरी भीमेला मिळतात आणि कृष्णेतून समुद्राला जातात. तेरणा मांजरेला मिळते आणि गोदावरीतून जाते. दोन्ही वाटा बंगालच्या उपसागरावर पोचतात. मधली धरणं, बंधारे आणि वाळूचे उपसे सोडले तर प्रवास सरळ आहे.

पाण्याची पातळी मात्र वर्तमानपत्रात रोज पाहावी. आपल्याकडे धरण टक्क्यांत मोजतात. शेजारच्या उजनीचे टक्के तर उन्हाळ्यात शून्याच्या खाली उतरतात आणि 'उणे' होतात. उणे म्हणजे पाणी मृत साठ्यात गेलं. मृत साठ्यावर बोट चालते, पण तिथवर पोचायला अर्धा मैल भेगाळलेल्या गाळातून ती ढकलत न्यावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी वायरिंग शांतपणे करता येते, घाई नसते.

कागदपत्रं आताच पाहून ठेवा. इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टखाली येते. त्याआधी १९१७ चा कायदा होता, म्हणजे घाई सरकारलाही नव्हती. तलावात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. अर्जात 'प्रयोजन' या रकान्यात 'हौस' लिहू नका.

पायरी २ : जुनी वायरिंग उपटा

जुन्या बोटीत आधीच्या मालकाची वायरिंग असते. ती चार रंगांची असते आणि चारही रंगांचा अर्थ फक्त त्यालाच माहीत असतो. त्याला फोन केला तर तो म्हणेल, "पिवळी सोडून कशालाही हात लावा." बोटीत पिवळ्या तीन निघतील.

एका वायरचं टोक बोटभर सोला. आतलं तांबं लालसर, चकचकीत असेल तर ठीक. काळं किंवा हिरवट पडलं असेल तर ती वायर आतून सडली आहे, विशेषतः बोट कोकणातून आली असेल आणि खाऱ्या हवेत उन्हाळे काढून आली असेल तर. अजून दिवा लागतो, म्हणून ती ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. सगळी काढा आणि भंगारवाल्याला द्या. तांब्याचा भाव चांगला येतो, आणि या उद्योगातली ती एकमेव जमेची बाजू आहे.

पायरी ३ : माणूस बोलवावा की नाही

तीन तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतात.

पहिला घराचा वायरमन. तो बोटीत चढून विचारेल, "फेज कुठं आहे?" बोटीत फेज नसतो, न्यूट्रल नसतो, अर्थिंगला खड्डा खणून कोळसा-मीठ घालायची सोय तर नसतेच. इथे १२ व्होल्टची डीसी बॅटरी असते, तिला एक अधिक टोक आणि एक उणे टोक.

दुसरा ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिशियन. त्याला १२ व्होल्ट पाठ असतात. पण तो प्रत्येक दिव्याला एकच वायर ओढतो आणि दुसरं टोक 'बॉडीला' देतो, कारण ट्रॅक्टरची सगळी लोखंडी बॉडी उणे वायरचं काम करते. तुमची बोट फायबरची आहे, तिच्यातून वीज जात नाही. बोट लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची असली तरी बॉडीतून वीज परत पाठवायची नसते. ओल्या धातूतून वीज फिरली की तो धातू झिजू लागतो. बोटीत प्रत्येक दिव्याला दोन वायर, एक जाणारी आणि एक येणारी.

तिसरा पाणबुडी मोटारी रिवाइंड करणारा. विजेचा आणि पाण्याचा संसार त्यानं जवळून पाहिलेला असतो. तो बोटीकडे पाहून फक्त "हूं" म्हणेल. तिघांत हाच कामाचा. त्याला चहा पाजा, पण काम तुम्हीच करा.

पायरी ४ : हिशोब

बॅटरी किती मोठी घ्यावी, हे दुकानदाराला विचारू नका. तो त्याच्याकडे पडून असलेली देईल. वहीवर मांडणी करा. अँपिअर गुणिले तास म्हणजे अँपिअर-अवर, दुकानात याला 'एएच' म्हणतात.

सगळे एलईडी दिवे मिळून अर्धा अँपिअर, चार तास : २ एएच. तळाचं पाणी उपसणारा लहान पंप ३ अँपिअर, अर्धा तास : दीड एएच. हॉर्न क्षणभराचा, त्याची गणती नको. तुमचा मोबाइल : ४ एएच धरा. सोबत आलेल्या पाहुण्यांचे मोबाइल : १२ एएच. पाहुण्यांनी आणलेला स्पीकर : २० एएच.

बोट चालवायला साडेसात लागतात आणि पाहुणे चालवायला बत्तीस. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून बेरजेची दुप्पट धरायची. पाहुण्यांसह ८० एएचची बॅटरी घ्यावी लागते, पाहुण्यांविना २० एएचची पुरते. निर्णय घरच्यांशी बोलून घ्या.

पायरी ५ : बॅटरी

पाणी घालावी लागणारी इन्व्हर्टरची बॅटरी बोटीत नको. बोट कलली की ॲसिड सांडतं. बंद, देखभाल न लागणारी, एसएमएफ म्हणून मिळते ती घ्या. ती प्लास्टिकच्या पेटीत ठेवा आणि पट्ट्यानं अशी आवळा की बोट उलटी केली तरी बॅटरी जागची हलू नये. बोट उलटी करून पाहायची गरज नाही.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो. तो हलका, वर चढतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणजे एक स्फोटक वर, एक खाली आणि मध्ये बिडी ओढणारे आबा. पेटीला वरून हवा जाऊ द्या, पेट्रोलची टाकी बॅटरीपासून दूर ठेवा, ठिणगी उडवणारं कुठलंही बटण तळाशी लावू नका आणि आबांना काठावर बसवा.

बॅटरी जोडताना आधी अधिक टोक, मग उणे. सोडवताना आधी उणे. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणून नवशिक्याला बॅटरी गरीब वाटते. पण दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर एकदम वाहतात, पाना लाल होतो आणि टोकांना चिकटून बसतो. १२ व्होल्ट माणसाला मारत नाहीत, बोट जाळतात.

पायरी ६ : फ्यूज

ही पायरी आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत अवघड आहे.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर जेवढा करंट न तापता वाहू शकते, त्याच्या आत फ्यूज जळला पाहिजे. पहिला, मुख्य फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून सात इंचांच्या आत बसवायचा. वीतभरापेक्षाही जवळ. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर बिनसंरक्षण असते. ती घासून कुठे टेकली तर अडवायला कोणी नसतं. मग बंद-चालूचा मुख्य स्विच. मग फ्यूजपेटी, तिच्यात प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज : दिवे, हॉर्न, मोबाइल.

फ्यूज उडाला की काय करायचं? आपल्याकडे उत्तर तयार असतं, पिढ्यानपिढ्या तपासलेलं : वायरची एक तार काढून पिळा मारायचा. ती टिकते, कारण ती कधीच जळत नाही. दोष तोच आहे. जी तार जळत नाही, ती असताना दुसरं काहीतरी जळतं. शेतातल्या डीपीवर असला प्रयोग केला तर डीपी जळते, गाव अंधारात बसतं आणि नवी डीपी येईपर्यंत पीक सुकतं. बोटीत वेळ इतका लांबत नाही.

हाताशी जास्तीचे फ्यूज ठेवा आणि उडाल्यावर लगेच नवा घालू नका. का उडाला ते आधी शोधा. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो, ते ऐकून घ्या.

पायरी ७ : वायर

घराची वायर चालणार नाही, एकतारी तर मुळीच नाही; इंजिनाच्या थरथरीनं ती मोडते. बारीक तारांची, आणि शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या; ती लवकर काळवंडत नाही. धाराशिवच्या दुकानात मागितली तर दुकानदार "असली वायर येत न्हाई, पण हिच्यावर चालतंय की" म्हणून दुसरं बंडल काढेल. त्याचा मान राखून मुंबईच्या लोहार चाळीतून मागवा.

जाडीचा हिशोब नवशिके टाळतात. १२ व्होल्टच्या कामात तो टाळता येत नाही. समजा दिव्याची वायर कडेकडेनं फिरून पुढच्या टोकापर्यंत ६ मीटर जाते. वीज जाते आणि परत येते, म्हणून १२ मीटर धरायचे. करंट ५ अँपिअर असेल, तर एक स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत साधारण १.१ व्होल्ट वाटेतच मुरतात, अडीचच्या वायरीत ०.४५ आणि चारच्या वायरीत ०.२८. घरी २३० व्होल्टांतला एक गेला तर कळतही नाही. इथे बारांतला एक जातो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं रान आहे, त्याला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

दिशादर्शक दिवे आणि पंप यांच्या वाटेत ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ देऊ नये, म्हणजे सुमारे ०.३६ व्होल्ट. ५ अँपिअरला चारची वायर लागते. फक्त एलईडी दिवे असतील, एक अँपिअरच्या आत, तर दीडचीही पुरते.

वायर तळातून नेऊ नका, कारण बोटीत पाणी आधी तिथेच येतं. कडेनं, वरून न्या. दर दीड फुटाला क्लिप. भोकातून जाते तिथे रबरी कडं, नाहीतर थरथरीनं इन्सुलेशन सोललं जातं. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि दिव्यात जात नाही. घराची केसिंग-कॅपिंग पट्टी मात्र वापरू नका. तिच्यात पाणी साचतं आणि बाहेरून दिसत नाही.

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. 'पुढचा लाल', 'मागचा पांढरा'. ही बोट विकाल तेव्हा नवा मालक तुम्हाला फोन करणार नाही.

पायरी ८ : जोड

दोन वायरींचे शेंडे सोलायचे, एकमेकांना पिळायचे, वर काळी टेप. या जोडावर अर्धा महाराष्ट्र उजळला आहे. बोटीत मात्र टेपचा गोंद ओलाव्यानं सुटतो आणि पिळा थरथरीनं सैल होतो. सैल जोड तापतो.

डाग देऊन पक्का करू, असं वाटेल. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच वायर हलून हलून मोडते. बरोबर पद्धत अशी : वायरच्या मापाचं थिंबल घ्या, क्रिंपिंगच्या पकडीनं दाबा, वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवा. साध्या पकडीनं किंवा दातांनी दाबू नका. मग जोड ओढून पाहा. निघाला तर आता निघाला हे बरं.

पायरी ९ : पंप

बोटीच्या तळाशी पाणी साचतंच. पावसाचं, लाटेचं आणि कुठून येतं ते न कळणारं. त्यासाठी तळाशी लहान पंप आणि त्याच्याशेजारी पाणी वाढलं की उचलला जाणारा तरंगता स्विच बसवतात.

आपल्या शेतकऱ्याला 'ऑटो' चांगला माहीत आहे. रात्री लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून विहिरीच्या मोटारीला ऑटो लावतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. तोटा एवढाच की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी दम टाकते. बोटीतला ऑटो याच्या उलट, तो खरंच गरजेपुरता चालतो. त्याला मुख्य स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून, स्वतःचा वेगळा फ्यूज घालून वायर द्या. कारण रात्री घरी जाताना तुम्ही मुख्य स्विच बंद कराल, आणि बोट बुडते ती तुम्ही घरी असतानाच.

पायरी १० : दिवे

ज्या १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात खडी फोडत होता आणि मिलो-सुकडी खात होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनमध्ये जगातल्या देशांनी बसून बोटींच्या दिव्यांचे नियम ठरवले. ते समुद्रासाठी आहेत, पण दिव्यांचा अर्थ सगळीकडे एकच राहावा म्हणून तलावावरही तेच पाळावेत.

डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. डावं-उजवं पुढे तोंड करून बसल्यावरचं. प्रत्येकाचा उजेड नाकासमोरून बाजूच्या मागेपर्यंत ११२.५ अंश पडायला हवा. मागच्या पांढऱ्या दिव्याचा १३५ अंश. तिघांची बेरीज ३६० होते, वर्तुळ पूर्ण. १२ मीटरपेक्षा लहान इंजिनबोटीला मागच्या आणि डोलकाठीवरच्या दिव्यांऐवजी चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. तो उंच काठीवर लावा, म्हणजे बोटीतल्या माणसांच्या डोक्यांमागे लपणार नाही.

यातून समोरच्याला काय कळतं ते पाठ करा. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर बोट सरळ तुमच्यावर येते आहे. दोघांनीही उजवीकडे वळावं. फक्त पांढरा दिसला, तर तुम्ही तिच्या मागे आहात. उजव्या हाताकडून येणाऱ्या बोटीचा लाल दिसला, तर वाट तुम्ही द्यायची. ती कोणाची आहे, कोणत्या पक्षाची आहे, याचा संबंध नाही.

गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले. जिल्ह्यातल्या ज्यांना त्याचं दुःख अजून आहे, त्यांनी बोट घ्यावी. इथे लाल दिवा नियमानं लावावाच लागतो. फक्त तो डावीकडे असतो आणि उजवीकडे हिरवा लावून त्याचा तोल साधावा लागतो.

लग्नाच्या वरातीतल्या निळ्या-जांभळ्या पट्ट्या बोटीला लावू नका. त्यात खरे दिवे हरवतात. पुढे ट्रॅक्टरचा फोकसही नको. त्याचा उजेड पाण्यावर आणि बोटीच्या नाकावर आपटून डोळ्यांत येतो आणि दहा हातांवरचा थर्माकोलचा तराफा दिसेनासा होतो. त्या तराफ्यावर जाळं टाकून बसलेल्या माणसाकडे दिवा नसतो. त्याला पाहण्याची जबाबदारी तुमची.

पायरी ११ : चाचणी

चाचणी जमिनीवर, टेम्पोच्या सावलीत करावी. खिशातला टेस्टर घरी ठेवा. त्यातला निऑन १२ व्होल्टांवर पेटतच नाही, आणि 'करंट न्हाई' म्हणून तुम्ही चालू वायरीत हात घालाल. मल्टिमीटर घ्या. बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग दिवे चालू ठेवून दिव्यापाशी मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या कारागिरीचं प्रगतिपुस्तक.

मग पाण्याची परीक्षा. पाठीवरचा फवारणीचा पंप औषधाचा अंश न राहील असा धुवा, साधं पाणी भरा आणि दिवे चालू ठेवून बोटीवर मनसोक्त फवारा. एकही दिवा मिणमिणला तर त्याची स्लीव्ह पुन्हा चढवा. फवारणी पाहायला गर्दी जमेल. कोणीतरी विचारेल, "बोटीवर बी कीड पडती का?" हो म्हणा, वेळ वाचतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काठावरून लाइटचा आकडा टाकून बॅटरी चार्ज करता येईल का?*
नाही. आणि काठावरच्या विजेपासून शंभर हात दूर राहा. धरणाच्या कडेला शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यात उतरवलेल्या असतात, त्यांच्या केबली पाण्यातून आणि चिखलातून गेलेल्या असतात आणि त्यांत थ्री फेज वाहत असतो. बोटीतले १२ व्होल्ट माफ करतात, काठावरचे 'फोर-फोर्टी' करत नाहीत. अंधारात केबलींच्या जागी बोट लावू नका, इंजिनाच्या पंख्याखाली केबल येऊ देऊ नका.

*सोलर लावला तर?*
उत्तम. ५० वॅटचा पत्रा आणि एक चार्ज कंट्रोलर पुरे. पाण्याची टंचाई असलेल्या जिल्ह्यात उन्हाची टंचाई नाही. त्याच्याही वायरीला फ्यूज.

*बोटीचे दिवे रात्री शेतात वापरले तर?*
शेतीची लाइट बरेचदा रात्रीची येते आणि मोटार सुरू करायला जाताना पायवाटेवर साप असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तात्पुरते वापरा. पण घरच्यांना ते फार आवडले तर बोटीची बॅटरी गोठ्यात कायमची जाईल.

*एवढं सगळं कशाला? इथं पाणी कुठंय?*
२०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या सुमारास, हा प्रश्न परंडा आणि भूम तालुक्यांत कोणी विचारला नाही. सीनेचं पाणी गावांत शिरलं, माणसं छपरांवर चढली आणि सोडवायला एनडीआरएफच्या बोटी आणि लष्कराची हेलिकॉप्टरं बाहेरून यावी लागली. लाइट गेली होती. कोरड्या जिल्ह्याला पाणी येतं तेव्हा ते टक्क्यांत येत नाही. आणि पुराच्या पाण्यात रात्री, कुंपणाच्या तारा आणि बुडालेल्या मोटारी चुकवत जाणारी बोट दुसऱ्या बोटीला कुठून दिसते, ते तिच्या लाल-हिरव्यावर ठरतं. तेव्हा फ्यूजच्या जागी तार असलेली बोट काठावरच राहिलेली बरी.

अर्थात पुरात आपण होऊन उतरायचं नसतं. प्रशिक्षित माणसांच्या सांगण्यावरून, लाइफ जॅकेट घालूनच जायचं. तुमचं काम एवढंच की त्यांनी 'जिल्ह्यात चालू स्थितीतली बोट आहे का' असं विचारलं, तर 'आहे' म्हणता यावं.

वर्षभराची देखभाल

दर महिन्याला : बॅटरी पूर्ण चार्ज करावी, बोट वापरली नसली तरी. रिकामी पडून राहिलेली बॅटरी मरते.

उन्हाळ्यात : धरण उणे, बोट गोठ्यात. उंदीर इन्सुलेशन खातात. क्लिपा मोजा, वायर मोजा. बोटीत कडबा ठेवण्याचा घरच्यांचा प्रस्ताव नम्रपणे फेटाळा.

मृगाच्या आधी : पंपाचा तरंगता स्विच हातानं उचलून पाहा. पंप गुरगुरला पाहिजे.

पावसाळाभर : दर आठवड्याला संध्याकाळी एकदा सगळे दिवे लावावेत. शेजारी विचारतील, "आज काय हाय?" काही नाही म्हणून सांगावं.

दसऱ्याच्या सुमारास : खंडेनवमीला बोट धुऊन पुसून पूजेला मांडावी. झेंडूचा हार पुढे बांधा, पण बाजूच्या दिव्यांसमोर येऊ देऊ नका. हळद-कुंकू बोटीच्या नाकाला. बॅटरीच्या टोकांना फक्त व्हॅसलिन.